नोटेशन सॉफ्टवेअर: पहिलं गाणं लिहिण्याआधी काय ठरवून टाकाल?

कीबोर्डचा क्लास चालवणारे शिक्षक, चर्चच्या क्वायरचे मास्टर, शाळेच्या बँडची जबाबदारी अंगावर आलेले संगीतशिक्षक, नाट्यगीतांच्या कार्यक्रमात व्हायोलिन-क्लॅरिनेटची साथ बसवणारे संयोजक अशा अनेकांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. स्टाफ नोटेशनचं सॉफ्टवेअर तर घेतलं, पण त्यातली सेटिंग्जची रांग बघून गांगरायला होतं. काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही?

बहुतेक सेटिंग्ज आहेत तशीच राहू द्या. स्वरांमधलं अंतर, काड्यांची लांबी, स्लरची जाडी या गोष्टी बनवणाऱ्यांनी छापील संगीताच्या जुन्या परंपरेवरून बेतलेल्या असतात आणि आपल्या हौशी ढवळाढवळीने त्या सहसा बिघडतातच. पण कागद, ओळींचा आकार, सा कुठल्या पट्टीत, तालाचे बार, देवनागरी शब्द आणि फाइल जपणं, एवढ्या गोष्टी तुम्हालाच ठरवाव्या लागतील. तुमच्यासमोर कोण वाजवणार आहे, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं.

खालची उदाहरणं म्यूझस्कोअर या मोफत सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तेच असतं. सिबेलियस किंवा डोरिको वापरत असाल तर मेनूंची नावं आणि जागा वेगळ्या, पण निर्णय हेच.

कागद आणि पाच ओळींचा आकार

सर्वांत आधी पानाचा आकार बघा. परदेशातून उतरवून घेतलेल्या फाइल आणि टेम्प्लेट बऱ्याचदा अमेरिकन ‘लेटर’ आकारात असतात. तो कागद २१६ × २७९ मिलिमीटरचा. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो ए-फोर, म्हणजे २१० × २९७. लेटरची फाइल ए-फोरवर छापली की प्रिंटर ती ‘बसवून’ घेतो, ओळी बारीक होतात आणि खाली पट्टीभर कागद कोरा राहतो. ‘फॉरमॅट’ मेनूतल्या ‘पेज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ए-फोर निवडा. दुकानात छापायला देताना ‘फिट टू पेज’ नको, शंभर टक्के आकारात काढा, असं स्पष्ट सांगा. पानांना भोकं पाडून फाइलला लावणार असाल तर डावीकडे २० मिलिमीटर समास सोडा.

त्याच खिडकीत ‘स्टाफ स्पेस’ असतं. पाच ओळींमधल्या दोन शेजारच्या ओळींचं अंतर म्हणजे स्टाफ स्पेस. पाच ओळींत चार फटी, म्हणून या आकड्याला चारने गुणलं की पाच ओळींची एकूण उंची मिळते. म्यूझस्कोअर आपणहून १.७५ मिलिमीटर ठेवतो, म्हणजे उंची ७ मिलिमीटर. पियानोवर ठेवून एकट्याने वाचायला हे पुरेसं आहे. इतर ठिकाणी मी असं सुचवेन:

- स्टँडवरून वाजवायचे पार्ट: ७.५ ते ८ मिलिमीटर. ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालांची ‘मोला’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांचा कल याच आकाराकडे आहे आणि ७ च्या खाली जाऊ नका असं त्या सांगतात. व्हायोलिनवाले दोघं एका स्टँडवर बसतात, कागदापासून लांब असतात. त्यांच्यासाठी ८ च ठेवा.
- क्वायरची हातात धरायची पानं: ६ पर्यंत चालतं.
- आठ-दहा वर्षांची मुलं: ८ ते ९. पानं वाढतील, वाढू द्या.
- दिग्दर्शकाचा पूर्ण स्कोअर: वाद्यं जास्त असतील तर ओळी आणखी बारीक करण्याऐवजी ए-थ्री कागद घ्या.

‘एका पानावर बसलंच पाहिजे’ या हट्टापायी ओळी बारीक करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. रंगमंचावरच्या पिवळ्या उजेडात, चष्मा लावलेल्या पन्नाशीतल्या वादकाला तुमचं नीटनेटकं एकपानी नोटेशन वाचता आलं नाही, तर त्या एका पानाचा उपयोग काय? दोन पानं करा. फक्त पान उलटायची जागा अशी निवडा, की तिथे त्या वाद्याला विश्रांती असेल.

सा कुठे? की सिग्नेचरचा निर्णय

पेटीवर सूर सांगणारे गायक ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असं सांगतात. पांढरीचा प्रश्न नसतो. काळी मात्र दोन नावांनी लिहिता येते आणि चुकीचं नाव निवडलं की वाचणाऱ्याचे हाल होतात. काळी एक सी शार्प म्हणून लिहिली तर मेजरच्या सिग्नेचरमध्ये सात शार्प येतात. तीच डी फ्लॅट म्हणून लिहिली तर पाच फ्लॅट. म्हणून सरळ नियम ठेवा:

- काळी एक – डी फ्लॅट (५ फ्लॅट)
- काळी दोन – ई फ्लॅट (३ फ्लॅट)
- काळी चार – ए फ्लॅट (४ फ्लॅट)
- काळी पाच – बी फ्लॅट (२ फ्लॅट)

काळी तीनला दोन्हीकडे सहाच खुणा येतात. सोबत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन असतील तर जी फ्लॅट घ्या. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहिला जातो, म्हणजे जी फ्लॅटचा ए फ्लॅट होतो आणि फक्त चार फ्लॅट उरतात. एफ शार्प घेतला असता तर वर जाऊन जी शार्प झाला असता, आणि त्याची सिग्नेचर कोणी लिहीत नाही.

खरी अडचण रागांची. पाश्चात्त्य सिग्नेचर ठरावीक शार्प-फ्लॅटच्या क्रमाने बनते. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी आणि भैरवी हे सहा त्या क्रमात चपखल बसतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी बसत नाहीत. या चार थाटांतल्या चिजांसाठी सा ज्या पट्टीत आहे त्याच मेजरची सिग्नेचर ठेवा आणि कोमल-तीव्र स्वर जागच्या जागी लिहा. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची वेगळी सिग्नेचर बनवायची सोय आहे, पण सवय नसलेला वादक तिथे अडखळतो. प्रयोगाला पुरेशा तालमी नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

बसणाऱ्या सहा थाटांसाठी दोन मार्ग आहेत. सा पांढरी दोन, म्हणजे डी असेल आणि काफी लिहायचा असेल तर एकही शार्प-फ्लॅट नसलेली सिग्नेचर ठेवता येते, सगळे स्वर आपोआप बरोबर येतात. पण पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला वादक ती सी मेजर समजून बसेल आणि त्याचं वाक्य भलत्याच स्वरावर विसावेल. दुसरा मार्ग डी मेजरचे दोन शार्प ठेवून गंधार-निषाद जागोजाग नॅचरल करण्याचा. माझा कौल पहिल्याला आहे, मात्र शीर्षकाखाली ठळक लिहा: ‘सा = डी, राग काफी’. पान स्वच्छ राहतं आणि गैरसमजही होत नाही.

एक लक्षात ठेवा. स्वराला लावलेली खूण त्या बारपुरतीच टिकते. कोमल ऋषभ पुढच्या बारमध्येही हवा असेल तर पुन्हा खूण लागते, आणि शुद्ध हवा असेल तर खूण न लावताही तो शुद्धच होतो. पण वाचणाऱ्याच्या मनात आधीचा कोमल रेंगाळलेला असतो. अशा ठिकाणी कंसातली आठवणीची खूण द्या. सॉफ्टवेअर ती स्वतःहून देत नाही, ॲक्सिडेंटलच्या पॅलेटमधून घ्यावी लागते.

क्लॅरिनेटवाल्याचा सूर वेगळाच का लागतो?

बँडच्या मास्तरांची ही कायमची तक्रार. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बहुधा बी फ्लॅटचे, आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. त्यांनी कागदावरचा सी वाजवला की कानाला वेगळा स्वर येतो. सॉफ्टवेअर हे गणित स्वतः करतं, अट एवढीच की तुम्ही वाद्य योग्य निवडलेलं असावं. नुसत्या ‘ट्रेबल क्लेफ’च्या ओळीला हाताने ‘क्लॅरिनेट’ असं नाव दिलंत तर गणित होणार नाही.

म्यूझस्कोअरमध्ये खालच्या पट्टीवर ‘कॉन्सर्ट पिच’ नावाचं बटण आहे. ते चालू असलं की सगळी वाद्यं पेटीच्या स्वरांत दिसतात, बंद असलं की प्रत्येक वाद्याला त्याच्या लेखी स्वरांत. नवीन फाइलमध्ये ते बंद असतं. तुम्ही पेटीवर किंवा कीबोर्डवर स्वर शोधून लिहिणार असाल तर लिहिताना चालू करा आणि छापण्याआधी प्रत्येक पार्ट उघडून ते बंद असल्याची खात्री करा. तपासायला सोपी खूण आहे: गाणं काळी एकचं, म्हणजे डी फ्लॅटचं असेल तर क्लॅरिनेटच्या पार्टला तीन फ्लॅट दिसले पाहिजेत आणि आल्टो सॅक्सोफोनला दोन. पाचच दिसत असतील तर कुठेतरी चुकलं आहे.

तालाचे बार आणि ओळी

टाइम सिग्नेचर निवडताना विभाग बघा, मात्रांची एकूण संख्या नको. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणजे ४/४ चे चार बार. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, म्हणून ५/४ चे दोन बार. रूपकाला ७/४ किंवा जलद असेल तर ७/८. दादऱ्याला ६/८. गोव्यातला मांडो ६/४ मध्ये लिहिला जातो.

सात मात्रांच्या बाबतीत जरा थांबा. ७/८ लिहिलंत की लहान स्वरांच्या जोडण्या सॉफ्टवेअर स्वतःच्या समजुतीने करतं आणि ती तीन-दोन-दोन असेलच असं नाही. टाइम सिग्नेचरवर उजवी क्लिक करून तिच्या गुणधर्मांत गेलात की जोडण्या तीन-दोन-दोन करता येतात. तबलजीच्या ठेक्याशी कागद जुळला नाही तर वादक मोजत बसतो, वाजवत नाही.

एका ओळीत एक आवर्तन ठेवा. ‘फॉरमॅट’ मेनूत ठरावीक बारनंतर ओळ तोडायची सोय आहे. त्रितालाला तिथे चार टाका. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सम आली की तालमीत कोणी हरवलं तरी पुढच्या ओळीला सापडतं. बारचे क्रमांकही ओळीच्या सुरुवातीलाच असतात, ते तसेच ठेवा. स्थायी, अंतरा यांना ‘रिहर्सल मार्क’ लावा. ‘सतरापासून घ्या’पेक्षा ‘अंतऱ्यापासून’ सगळ्यांना चटकन कळतं.

मुखडा समेच्या आधी सुरू होतो तिथे ‘पिकअप’ बार देण्याचा मोह होतो. एखाद-दोन मात्रांसाठी ठीक आहे. पण नवव्या मात्रेपासून उठणाऱ्या मुखड्याला आठ मात्रा लागतात आणि पिकअपचा बार एकच असतो. तिथे सरळ पूर्ण आवर्तन लिहून पहिल्या आठ मात्रांना विश्रांती द्या. लयीचा आकडाही पहिल्याच बारवर टाका. न टाकल्यास सॉफ्टवेअर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत गाणं वाजवून दाखवतं आणि विद्यार्थी तीच लय डोक्यात घेऊन घरी जातात.

मुरक्या, कण, मींड सगळंच लिहायचा प्रयत्न करू नका. वळणाचा मुख्य स्वर लिहा, अगदी आवश्यक तिथे एक छोटा ग्रेस स्वर द्या, बाकी गायकाकडून ऐकून घ्यायला सांगा.

देवनागरी शब्द

इथे सर्वाधिक घोळ होतो. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या अक्षरछापात देवनागरी नसते, त्यामुळे ते तुमच्या संगणकावरचा मिळेल तो फॉन्ट उचलतं. तुमच्याकडे ठीक दिसणारं पान दुसऱ्याच्या संगणकावर वेगळंच दिसतं. म्हणून फॉन्ट स्वतः ठरवा. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ मोफत मिळतो आणि लहान आकारातही सुवाच्य राहतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या, तोही मोफत आहे. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेले शब्द चिकटवू नका, दुसरीकडे गेल्यावर ती निव्वळ अगम्य चिन्हं होतात.

फॉन्ट बदलण्याची जागा ‘स्टाइल’ मधल्या ‘टेक्स्ट स्टाइल्स’ मध्ये. गाण्याच्या शब्दांसाठी तिथे दोन नोंदी असतात, विषम ओळींची वेगळी आणि सम ओळींची वेगळी. दोन्ही बदला. एकच बदलली की पहिलं कडवं एका फॉन्टात आणि दुसरं दुसऱ्यात येतं, आणि असं का झालं हे शोधण्यात संध्याकाळ जाते. आकार १० पॉइंट असतो, तो ११ किंवा १२ करा. वेलांट्या, मात्रा, उकार वरखाली जागा मागतात, म्हणून शब्दांचं पाच ओळींपासूनचं अंतरही थोडं वाढवा.

शब्द तोडताना उच्चाराचा ‘र्’ किंवा ‘क्’ सुटा करू नका, अक्षर अख्खं ठेवा. ‘प्रार्थना’ तीन स्वरांवर असेल तर पहिल्या स्वराखाली ‘प्रा’ लिहून हायफनचं बटण दाबा, कर्सर पुढच्या स्वराखाली जाईल. तिथे ‘र्थ’, पुन्हा हायफन, मग ‘ना’. ‘प्रार्’ असं पहिल्याच स्वराखाली टाकलंत तर पाय मोडलेला र दिसतो आणि वाचणाऱ्याचा डोळा तिथे ठेचकाळतो. एकच अक्षर पुढच्या स्वरांवर लांबवायचं असेल तर अंडरस्कोअर दाबा, रेघ आपोआप ओढली जाते.

सरगमही हवी असेल तर ती दुसऱ्या कडव्याच्या जागी, शब्दांच्या खालच्या ओळीत लिहिता येते. पेटीवाले आणि व्हायोलिनवाले एकाच कागदावरून वाजवणार असतील तेव्हा ही युक्ती फार कामाला येते. मात्र निव्वळ भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीचं लेखन हवं असेल तर हे सॉफ्टवेअर त्यासाठी नाही. साधा तक्ता करून लिहिलेलं जास्त सुबक होतं.

एकदा केलेलं पुन्हा करावं लागू नये

हे सगळं एका फाइलमध्ये जमलं की दोन कामं करा. ‘फॉरमॅट’ मेनूतून स्टाइल वेगळी जतन करा आणि ‘प्रेफरन्सेस’ मध्ये स्कोअरची आणि पार्टची नेहमीची स्टाइल म्हणून तीच निवडा. मग गाण्याचे स्वर पुसून, फक्त वाद्यं आणि मांडणी ठेवून ती फाइल टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये टाका. पुढच्या वेळी नवीन स्कोअर उघडताना ती समोर येईल. क्वायरचं एक, बँडचं एक, क्लासचं एक, एवढी टेम्प्लेट पुरतात. आधीच बनलेले पार्ट असतील तर सेटिंग बदलल्यावर ‘सर्व पार्टना लागू करा’ हे बटण दाबायला विसरू नका, नाहीतर बदल फक्त स्कोअरपुरता राहतो.

पाठवताना, आणि हक्कांविषयी

वादकांना नेहमी पीडीएफ पाठवा. पाठवण्याआधी मोबाइलवर उघडून रफार, जोडाक्षरं आणि ऱ्य, ऱ्ह नीट आहेत का ते बघा. दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला द्यायचं असेल तर म्यूझिक-एक्सएमएल द्या. स्वर आणि शब्द बरेचसे जसेच्या तसे जातात, मांडणी मात्र तिकडे पुन्हा लावावी लागते.

पहिल्यांदा जतन करताना म्यूझस्कोअर ‘क्लाउड की संगणक’ असं विचारतो. संगणक निवडा. क्लाउडवर टाकायचंच असेल तर ते सगळ्यांना दिसेल की फक्त तुम्हाला, हे आधी ठरवा, कारण इथे कायद्याचा संबंध येतो.

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. संगीतकृतीच्या व्याख्येतच तिचं लिखित नोटेशन येतं. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगवेगळे आणि प्रत्येकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतात. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क संपलेला आहे. गीतरामायणाचं तसं नाही: ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यामुळे शब्द आणि चाल दोन्ही अजून संरक्षित आहेत. तुमच्या कामापुरतं एवढं ध्यानात ठेवा:

- शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना कायद्याने सूट आहे. ती पुस्तिका करून विकण्याला नाही.
- हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, धार्मिक विधी आणि लग्नसमारंभालाही. ही सूट सादरीकरणाची, नोटेशन छापून वाटण्याची नव्हे.
- चाल दुसऱ्याची असेल तर पानाखालच्या प्रताधिकाराच्या ओळीत स्वतःचं नाव घालू नका. गीतकार, संगीतकार यांची नावं वर द्या आणि ‘नोटेशन’ म्हणून आपलं.
- स्वतःची रचना असेल तर त्या ओळीत नाव आणि वर्ष जरूर घाला. सॉफ्टवेअर मोफत असलं म्हणून तुमच्या रचनेवर त्याच्या निर्मात्यांचा हक्क येत नाही.

जुन्या फाइल

फिनाले वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. १९८८ मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचं त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. तुमच्या संगणकावर ते अजून चालत असेल, पण पुढे कधीतरी नवीन संगणक घ्याल तेव्हा चालेलच असं नाही. फिनाले उघडतंय तोवर प्रत्येक फाइलची एक म्यूझिक-एक्सएमएल आणि एक पीडीएफ प्रत काढून ठेवा. आधी हाताने रचलेल्या मूळ रचना घ्या, मग इतरांकडून मिळालेलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर पीडीएफ शेजारी ठेवून पडताळा: पुनरावृत्तीच्या खुणा, कडव्यांचे क्रम आणि क्लॅरिनेटसारख्या वाद्यांची पट्टी या तीन गोष्टी आधी बघा, बिघाड झालाच असेल तर बहुधा तिथेच सापडतो.